कापूस भुंकत होता

दिपमाला तायडे जिना चढून वर आली तेव्हा तिच्या अंगावर नर्सचा गणवेश होता आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी हलत होतं.

"आधी दार लावा," ती म्हणाली. "कोणी पाहिलं तर याला जिवंत सोडणार नाहीत."

गोणपाटातून एक पांढरंशुभ्र तोंड बाहेर आलं. एक कान उभा, एक पडलेला. आठ-नऊ महिन्यांचं पिल्लू.

प्रेमराजने त्याला लगेच ओळखलं. अर्ध्या जळगावने ओळखलं असतं. सोमवारपासून फोनाफोनावर एकच फोटो फिरत होता. जिन्याच्या पायथ्याशी पडलेली म्हातारी, तिच्या उशाशी हे कुत्रं आणि खाली ओळ: 'मेहरूणचा खुनी कुत्रा. भाडेकरू ठेवताना विचार करा.' प्रेमराजने स्वतः तो दोन ग्रुपवर पुढे ढकलला होता. आता तो गुमान दाराला कडी घालून आला.

सुलक्षणा बिऱ्हाडेने खुर्ची पुढे सरकवली. जळगावात खासगी चौकशीची पाटी लावून बसलेली ही एकटीच बाई. बहुतेक काम लग्नाआधीचं. धुळ्याचा मुलगा पितो का, जळगावच्या मुलीचं आधी कुठे ठरून मोडलं का. भडगावचा प्रेमराज तिची गाडी चालवायचा, माणसं बोलती करायचा आणि स्वतःला तिचा भागीदार समजायचा. तीही त्याला तसं समजू द्यायची.

"नाव काय याचं?"

"कापूस."

"आणि नवऱ्याचं?"

"राजदीप. लॉकअपमध्ये आहे." दिपमालाने पिल्लू मांडीवर घेतलं. "आम्ही दोघं सकाळी कामावर जातो, ताई. मी दवाखान्यात, ते पाइपच्या कारखान्यात. कापूस दिवसभर वरच्या मजल्यावर एकटा. लहान आहे, भुंकतो, रडतो, दार खरवडतो. गल्ली बोंबलायला लागली. तेव्हा घरमालकीण आक्काबाई म्हणाल्या, एक किल्ली माझ्याकडे दे, दुपारची मी बसत जाईन त्याच्यापाशी. मी लाल दोरा बांधून किल्ली दिली. त्यांच्या घरात कोणाला माहीत नव्हतं."

"का?"

दिपमालाने तिच्याकडे पाहिलं. खालच्या पाटीवरचं बिऱ्हाडे हे आडनाव तिने वाचलं होतं. "ते तुम्हाला सांगायला हवं का?"

"नको," सुलक्षणा म्हणाली. "मग घर मिळालं कसं?"

"दिलं तेव्हा आडनाव नीट ऐकलं नव्हतं. कळलं तेव्हा मुलगा म्हणाला, काढा यांना. आक्का म्हणाल्या, घर माझ्या नावावर आहे."

"सोमवारी काय झालं?"

सोमवारी कानबाईचं, खानदेशात श्रावणात घरोघरी बसणाऱ्या देवीचं, विसर्जन होतं. घरची सगळी माणसं वाजतगाजत मेहरूणच्या तलावावर गेली. आक्काबाईंचे गुडघे धरलेले, त्या एकट्या मागे राहिल्या. माणसं परत आली तर म्हातारी अंगणातल्या जिन्याखाली, डोकं फुटलेलं, जीव गेलेला. शेजारी कापूस. पदराच्या चिंध्या झालेल्या. पोलिसांनी लिहिलं, भाडेकरूने दार उघडं टाकलं, कुत्र्याने झेप घेतली, म्हातारी पडली. आता भाऊबंद म्हणत होते की आक्काने घर खाली करायला सांगितलं म्हणून राजदीपने मुद्दामच कुत्रं मोकळं सोडलं. म्हणजे निष्काळजीपणाचं कलम जाऊन खुनाचं येणार.

"दार उघडं राहिलं होतं?"

"नाही. कुलूप घालून मी दोनदा ओढून बघते. रोज."

"अंगावर चावा?"

"मी नर्स आहे, ताई. शवागारात माझी ओळख आहे, मी पाहून आले. कातडीवर एक दात नाही. फक्त पदराला." ती मग भिंतीकडे बघत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या गेल्या नाहीत. बराच वेळ जीव होता. कोणी वेळेवर आणलं असतं तर वाचल्या असत्या."

सुलक्षणा उठली. "चला. कापूस इथेच राहील."

ऑफिसला कुलूप लावून तिघं जिना उतरायला लागली आणि आतून रडणं सुरू झालं. आधी कुईकुई, मग दारावर नखं, मग भुंकणं. खालच्या इस्त्रीवाल्यापाशी पोचेपर्यंत ते कानात होतं. रस्त्यापलीकडच्या चहावाल्याने मान वर करून पाहिलं.

"भाऊ, ऐकू येतंय?"

"बहिऱ्यालाही येईल, ताई."

"मेहरूणमध्ये कोणालाच आलं नाही," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

वाटेत तिने विचारलं, "आमच्या घरी कानबाई नाही. तुमच्याकडे आहे. रोट रोट म्हणतात ते काय असतं?"

प्रेमराज खुलला. माहिती द्यायची वेळ त्याच्यावर क्वचित यायची. "घरात पुरुष जितके, तितक्या मुठी गहू घ्यायचे. दळून त्याच्या पुरणपोळ्या. सोबत खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. तेच रोट. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. ते फक्त भाऊबंदांनी खायचं. बाहेरच्याला घास नाही. लेक सासरी गेली की तिलाही नाही."

"सांडलं तर?"

"सांडू द्यायचंच नाही. पायाखाली येता कामा नये, कुत्र्यामांजराच्या तोंडी जाता कामा नये. आमच्याकडे तर हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जात नाही. अंगणात खड्डा खणतात. उरलंसुरलं, खरकटं पाणी, सगळं त्यात. जेवणं आटोपली की खड्डा बुजवायचा आणि वर हळदकुंकू."

"कडक आहे."

"देवीचं आहे, ताई," प्रेमराज म्हणाला.

घर तलावाच्या अलीकडच्या गल्लीत होतं. दुमजली. अंगणातूनच वर जाणारा शहाबादी फरशीचा जिना. अंगणात मांडव नव्हता, पण माणसं होती. सतरंज्यांवर पुरुष, आत बायका. दिपमाला गाडीतून उतरली तशी कुजबुज उठली. "हिची हिंमत बघा." एकजण थुंकला. प्रेमराज मध्ये उभा राहिला. तेवढं त्याला चांगलं जमायचं, त्याचं अंग दाराएवढं होतं.

सुलक्षणा आधी समोरच्या घरात गेली.

चंदन मसाल्याची एजन्सी चालवायचा. फोटो त्यानेच काढलेला, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"नागपूरपर्यंत गेला मॅडम फोटो. माझा साडू तिथून म्हणतो, चंदनशेठ, तुम्ही तर पत्रकार झाले."

"दाखवा की आम्हाला."

त्याने फोन पुढे केला. सुलक्षणाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. म्हातारीचं उघडं कपाळ, मोकळा गळा. पिल्लाचं तोंड, दुधाने धुतल्यासारखं पांढरं. वरच्या कोपऱ्यातून निळ्या बाहीचा एक हात पिल्लाकडे बोट दाखवत होता.

"हात कोणाचा?"

"योगेंद्रचा, म्हातारीच्या मुलाचा. तो अन् घरचे लोक नुकतेच परत आलेले, आरडाओरडा ऐकून मी धावलो. बिचारा रडत होता. म्हणत होता, हेच ते कुत्रं."

"तुम्ही मिरवणुकीला नव्हता?"

"आपण त्यांच्यातले नाही. पण गच्चीवरून व्हिडिओ घेतला निघताना. हा बघा." ढोल. डोक्यावर कानबाई घेतलेली सून. मागे रिक्षात पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक टोपीवाला म्हातारा. सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या कुर्त्यातला योगेंद्र, गुलालाने माखून नाचणारा. प्रेमराजचे पाय त्या ठेक्यावर नकळत हलले.

"ही माणसं गेल्यावर कुत्रं भुंकलं?"

"ते रोजच भुंकतं हो."

"त्या दिवशी?"

चंदनने फोन खिशात घातला. "जरा जास्तच. थांबेच ना. ओरडल्यासारखं, विव्हळल्यासारखं. डोकं उठलं. मग मी टीव्हीचा आवाज वाढवला."

"खिडकीतून डोकावलं नाही?"

"रोज भुंकणाऱ्याकडे कोण बघतं, मॅडम?"

सुलक्षणा त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नजर चुकवली. तेवढंही खूप होतं. 

तोतारामनाना अंगणात खुर्चीवर बसला होता, प्लास्टरचा पाय स्टुलावर. आक्काबाईचा धाकटा दीर, भाऊबंदकीचा म्होरक्या. त्याने सुलक्षणाला बसायला सांगितलं नाही.

"कोण लागता तुम्ही त्यांच्या?" त्याने विचारलं. "जातवाले का?"

"वकील म्हणा हवं तर. नाना, तुम्ही लोकांनी यांना घर सोडायला सांगितलं होतं?"

"मी सांगितलं होतं. तोंडावर. वहिनीनं ऐकलं नही. म्हातारपणी माणसाचं डोकं फिरस. आता पाहा काय व्हयनं. कानबाईच्या दिवशी घरात मरण. सुतक. बठ्ठं वाया."

"म्हणजे रोटाची जेवणं झालीच नाहीत?"

"कशी व्हतील? तलावावरून आलो तर हे. घास कोणी मोडला नही. खड्डा आम्ही आदल्या दिवशीच खणून ठेवेल व्हता, जेवणं झाल्यावर बुजवतात. आता कसला खड्डा अन् कसलं काय."

नाना बोलत असताना प्रेमराज अंगणात फिरत होता. भिंतीच्या कोपऱ्यात माती थापून सारखी केलेली होती. वर कुंकवाची बोटं, झेंडूचं एक फूल. काळ्या मुंग्यांची रांग मातीच्या भेगेत शिरत होती. प्रेमराजने सवयीने चप्पल काढली, हात जोडले आणि पुढे गेला.

स्वयंपाकघरात कुंदाबाई, योगेंद्रची बायको, भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. रडून संपले असावेत. बाजूला फडक्याने झाकलेली पाटी.

"हेच रोट?" सुलक्षणाने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"हाऊ. तसेच शेतस. शिवणार कोण?" ती हळू आवाजात बोलत होती. "एक वाटा कमी शे. वरच्या पोळ्या हललेल्या, भाजी उपसलेली, खिरीचं पातेलं तिरपं. मी यास्ले सांगितलं. ते म्हणाले, कुत्रं शिरलं असंल घरात."

"आक्काबाईंनी खाल्लं असेल?"

"विसर्जनाच्या आधी? आक्का मरून जाईल पण..." तिने तोंडावर हात घेतला.

"आक्काबाई तुमच्याशी कशा होत्या?"

"कडक. पण खरी बाई. यंदा गहू तिनेच मोजले. एक मूठ जास्त घेतली. मी म्हटलं, आक्का, घरात पुरुष तेवढेच शेतस ना, ही कोणाची? म्हणे, कानबाईनं सांगितलं. यास्नी ऐकलं अन् दोन दिवस आईशी बोलले नहीत." तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला. "अन् तिची माळ. तुळशीची. झोपतानाही गळ्यात असायची. सापडत नही. म्हणतात कुत्र्यानं गिळली."

"या कुत्र्याने बरंच गिळलं," सुलक्षणा म्हणाली.

प्रेमराज दारातून आत बघत होता. चुलीशेजारी खिळ्यांची रांग होती. एका खिळ्याला चाळणी, एकाला पिशवी, एकाला लाल दोऱ्याची किल्ली. छान टापटीप घर, त्याच्या मनात आलं.

योगेंद्र आतल्या खोलीत घोंगडीवर बसला होता. मुंडण केलेलं डोकं, कपाळ सुजलेलं. डाळ मिलमध्ये मॅनेजर होता. बोलणं शांत, शहरी.

"माझी आई गेली आहे, बाई. तुम्ही ज्यांचे पैसे घेता त्यांना विचारा ती का गेली."

"त्यांना विचारलं. आता तुम्हाला. विसर्जनाच्या वाटेवरून तुम्ही मध्ये घरी आला होता?"

"नाही. निघाल्यापासून तलावापर्यंत कानबाईपुढे होतो. शंभर माणसं सांगतील."

"गर्दीत शंभर माणसांना कोण कधी नव्हतं हे दिसत नाही. कोण होतं तेवढं दिसतं. आई वर त्यांच्या खोलीकडे जायची, ठाऊक होतं?"

"काय कारण तिला तिकडे जायचं? दार उघडं होतं, ते जनावर खाली उतरलं. दिवसभर उपाशी कोंडून ठेवतात. उपाशी जनावर काय करणार? घरात शिरलं, रोट खाल्ले, आई आडवी आली." त्याचा आवाज पहिल्यांदा कापला. "कानबाईचे रोट त्यांच्या कुत्र्याने खाल्ले. तुम्हाला याचा अर्थ नाही कळायचा."

"शिकते आहे," सुलक्षणा म्हणाली.

बाहेर आल्यावर ती प्रेमराजला म्हणाली, "भाऊ, कोपऱ्यात हात कोणाला जोडले मघाशी?"

"रोटाच्या खड्ड्याला. बुजवलेला होता ना."

"बुजवलेला."

"हो. कुंकू वाहिलेलं. का, ताई?"

तिने फौजदार वानखेड्यांना फोन लावला आणि फावडं घेऊन या म्हणाली.

वानखेडे आले ते वैतागूनच. पण राजदीपच्या कारखान्यातली माणसं सकाळपासून पोलीस ठाण्याबाहेर बसली होती, आणि दुसरं कोणी उत्तर देत असेल तर त्यांना ते हवंच होतं. अंगण भरलं. बायका दारात आल्या. योगेंद्रला बाहेर बोलावलं, तो खांबाला टेकून उभा राहिला. दिपमाला गाडीपाशी.

"फार वेळ नाही घेणार," सुलक्षणा म्हणाली. "कुलुपापासून सुरू करू. वरच्या दाराला कुलूप होतं की नव्हतं, यावर राजदीपची सगळी केस उभी आहे. दिपमाला म्हणते होतं. तिच्यावर विश्वास ठेवू नका. किल्लीवर ठेवा. तिसरी किल्ली आक्काबाईंकडे होती, लाल दोऱ्याची. दार त्या उघडायच्या, रोज दुपारी, पिल्लापाशी बसायला. सोमवारीही त्यांनीच उघडलं."

"पुरावा?" वानखेडे म्हणाले.

"नाही, इथवर फक्त शक्यता. पण मग एक प्रश्न पडतो. किल्ली त्यांच्या हातात किंवा कुलपात सापडायला हवी. प्रेमराजभाऊ, तुम्ही स्वयंपाकघरात काय पाहिलं?"

प्रेमराज गांगरला. "चाळणी... पिशवी... लाल दोऱ्याची किल्ली. खिळ्याला."

"मेलेली बाई किल्ली खिळ्याला अडकवत नाही. कुत्रंही नाही. कुलूप घातलंच नव्हतं असं दिसावं म्हणून कोणीतरी ती घरात नेऊन टांगली. आक्काबाईंपाशी ती ज्याने पाहिली त्याने."

सुलक्षणा जिन्यापाशी गेली.

"आता, गुडघे धरलेली बाई जिना का चढली? पाटीतला एक वाटा कमी आहे. घर रिकामं होईपर्यंत आक्काबाई थांबल्या. मग ताट वाढलं आणि वर निघाल्या. तो वाटा कोणाचा होता, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. गहू मोजताना एक मूठ जास्त होती."

तोतारामनाना खुर्चीत पुढे सरकला. "काय बोलता तुम्ही?"

"राजदीपची मूठ, नाना. आक्काबाईंनी त्याला घरात मोजलं होतं. तुमच्यासमोर वाढायची सोय नव्हती, म्हणून चोरून वर ठेवायला निघाल्या. संध्याकाळी कामावरून आल्यावर दोघांनी खाल्लं असतं."

दिपमालाने तोंड फिरवलं.

"ताट सांडलं. ते अन्न गेलं कुठे? योगेंद्र म्हणतात, कुत्र्याने खाल्लं. चंदनशेठ, फोटो काढा. तुमचा नागपूरला गेलेला. हळदीतली गंगाफळाची भाजी, गूळ घातलेली खीर. ती खाल्लेल्या पांढऱ्या पिल्लाचं तोंड कसं दिसेल? आणि इथे बघा. कापसाचं बोंड. याला खुनी ठरवायला जो फोटो गावभर फिरवलात, तोच याचा साक्षीदार आहे. त्याने एक कण चाटला नाही."

वानखेडे फोनवर वाकले.

"जिन्यावर काही नाही, कुत्र्याच्या पोटात नाही. मग ते उचलून कोणी कुठे ठेवलं? नाना, तुम्ही सांगितलंत, जेवणं झाली नाहीत, म्हणजे खड्डा रिकामा असायला हवा. पाटी अजून भरलेली आहे. पण खड्डा बुजवला आहे. वर कुंकू, फूल. मुंग्या लागल्यात. चोर असता तर अन्न तसंच टाकून पळाला असता. चंदनशेठ असते तर झाडून उकिरड्यावर टाकलं असतं. सांडलेले रोट वेचून, खड्ड्यात पुरून, वर हळदकुंकू वाहणारा माणूस फक्त तुमच्या भाऊबंदकीतलाच असू शकतो."

 प्रेमराजने आपल्या तळहातांकडे पाहिलं. त्याने त्या मातीला हात जोडले होते.

"तिघांचा विचार केला. कुंदाबाईंच्या डोक्यावर कानबाई होती, ती वाटेत खाली ठेवता येत नाही. नाना रिक्षात, पाय प्लास्टरमध्ये. राहिले नाचणारे. निघतानाच्या व्हिडिओत योगेंद्र पांढऱ्या कुर्त्यात आहेत. परत आल्यावरच्या फोटोत हाताची बाही निळी आहे. घरी पाऊल टाकलं नाही म्हणता, मग वाटेवर शर्ट कुठे बदललात?"

 उत्तर दिलं कुंदाबाईने. दारातूनच, कोणाकडेही न बघता.

"कुर्ता बादलीमा भिजेल व्हता. मी धोया. मले वाटलं गुलाल शे. हळद व्हती. डाग निंघना नही."

वानखेड्यांनी खूण केली. हवालदाराने फावडं चालवलं. वरचा थर निघाला तसा आंबूस, गोड वास सुटला. पुरण, भाजीचे लगदे, सगळं मातीत कालवलेलं. त्यातून फावड्याच्या टोकावर तुळशीचे मणी आले, तुटल्या दोऱ्यातले.

"हे मणी म्हातारीच्या गळ्यात होते," सुलक्षणा म्हणाली. "ती पडली तेव्हा तुटले आणि अन्नात मिसळले. म्हणजे अन्न ती पडल्यानंतर वेचलं. ती तिथेच पडलेली असताना."

"मी ढकललं नाही," योगेंद्र म्हणाला. आवाज अगदी साधा. "कापूर घरी राहिला होता, तो घ्यायला आलो. आई जिन्यात, ताट घेऊन. वर दार उघडं, ते कुत्रं शेपूट हलवत उभं. मी म्हटलं, कोणासाठी? म्हणाली, राजदीपसाठी. मी ताट धरलं. फक्त ताट धरलं. तिने सोडलं नाही, आणि मग एकदम सोडलं."

"मग?"

"सगळं सांडलं. पायऱ्यांवर, माझ्या अंगावर. कुत्रं खाली धावलं. ते खाल्लं असतं त्याने."

"त्याने खाल्लं नाही. ते तुमच्या आईचा पदर ओढत होतं. तिला उठवत होतं. चिंध्या होईपर्यंत. आणि भुंकत होतं, ही सगळी गल्ली गोळा व्हावी म्हणून. आई काय करत होती?"

योगेंद्रने ओठ चाटले. "हात हलवत होती."

"बोलली काही?"

"पाणी म्हणाली."

"दिलंत?"

"कसं देणार?" त्याने खरोखरच न समजून तिच्याकडे पाहिलं. "माझे हात रोटाचे होते. आधी सगळं वेचलं, खड्ड्यात टाकलं, पायऱ्या पुसल्या, ते पाणी खड्ड्यात टाकलं, हात धुतले, तेही पाणी खड्ड्यात. मग माती लोटली. मग बघितलं तर ती हलत नव्हती."

"तेव्हा ती जिवंत होती. डॉक्टरांनी सांगितलंय. दवाखाना रिक्षाने जवळ आहे. तुम्ही किल्ली खिळ्याला लावली, शर्ट बदलला आणि कानबाईपुढे नाचायला गेलात."

"कापूर द्यायचा होता," तो म्हणाला.

वानखेड्यांनी त्याच्या दंडाला धरलं. राजदीपला संध्याकाळपर्यंत सोडतो, एवढं ते दिपमालाकडे न बघता बोलले. दिपमालाने मान हलवली आणि गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. चंदन फोटो पुसत होता. पुसून काय होणार होतं? तो नागपूरला पोचला होता.

जीप गेली. उघड्या खड्ड्याभोवती माणसं उभी राहिली. कुंदाबाई आत गेली नाही, पुढेही आली नाही.  मग तोतारामनानाने टोपी सारखी केली, खाकरला आणि भाऊबंदांकडे पाहून म्हणाला,

"बाकी काही असो. पोऱ्यानी रोट पायखाल येऊ दिधा नही."

एक मान हलली. मग दुसरी. सतरंजीवरच्या चार-पाच माना हलल्या, हळू, जड, जशा कीर्तनात हलतात.

प्रेमराजला कळलं तेव्हा त्याचीही हलून झाली होती. त्याने वर पाहिलं. सुलक्षणा त्याच्याकडेच बघत होती.  तिने दिपमालासाठी गाडीचं मागचं दार उघडलं, आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याच्या शेजारी पुढे न बसता तिच्यासोबत मागे बसली.